महाकाय माकूळ : अवशेषांतून ओळखलेला प्राणी

खोल समुद्रातील ज्या प्राण्यांविषयी माणसाने अमाप कल्पना लढवल्या, पण ज्यांना प्रत्यक्षात क्वचितच पाहिले, त्यांत महाकाय माकुळाचा क्रम बहुधा पहिला लागेल. ‘आर्किट्युथिस डक्स’ हे शास्त्रीय नाव असलेला हा प्राणी मृदुकाय संघातील शीर्षपाद वर्गात मोडतो. ऑक्टोपस आणि कोकण किनाऱ्यावरील बाजारात विकला जाणारा, गोव्यात ‘माणकी’ म्हणून ओळखला जाणारा छोटा माकूळ हे त्याचे नातलग होत. १८५७ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले आणि त्याच्या नैसर्गिक अधिवासातील पहिली छायाचित्रे घेतली गेली ती २००४ साली. मधल्या १४७ वर्षांत प्राणिशास्त्रज्ञांनी या प्राण्याविषयी जे काही लिहिले, ते किनाऱ्याला लागलेली कुजकी शरीरे, मच्छीमारांच्या जाळ्यांत आलेले मृत वा मरणासन्न नमुने आणि व्हेलच्या पोटात सापडलेले तुकडे यांवरून लिहिले. एखाद्या सजीवाची ओळख केवळ त्याच्या अवशेषांवरून करून घेण्यात जी चिकाटी लागते ती या इतिहासात पानोपानी दिसते; आणि अवशेष किती दिशाभूल करू शकतात, हेही याच इतिहासातून उलगडत जाते.

उत्तर युरोपातील खलाशांच्या कथांमध्ये जहाजे बुडवणारा ‘क्राकेन’ नावाचा सागरी राक्षस पूर्वीपासून वावरत होता, आणि नॉर्वेतील बर्गेनचे बिशप एरिक पोन्टोपिडान यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर आपल्या निसर्गवर्णनात त्याला बेटाएवढा विस्तार बहाल केला होता. अशा कथांमुळे झाले असे, की जबाबदार अभ्यासक या विषयापासून चार हात दूर राहू लागले. डेन्मार्कचे प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टेनस्ट्रुप यांनी मात्र वेगळा मार्ग धरला. त्यांनी जुन्या नोंदी बाजूला सारल्या नाहीत, उलट त्या बारकाईने वाचल्या. सोळाव्या शतकात डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधील सामुद्रधुनीत पकडल्या गेलेल्या ‘सागरी भिक्षू’ नावाच्या विचित्र प्राण्याच्या वर्णनांवरून आणि चित्रांवरून, तो प्रत्यक्षात एक मोठा माकूळच असावा, असे त्यांनी प्रतिपादन केले. हे अनुमान आज सर्वांना मान्य नाही. पण दंतकथेतही निरीक्षणाचा अंश असू शकतो हे गृहीत धरून काम करण्याची त्यांची पद्धत फलदायी ठरली. १८५३ साली डेन्मार्कच्या किनाऱ्यावर एक प्रचंड माकूळ वाहून आला. लोकांनी त्याचे तुकडे करून ते मासेमारीसाठी आमिष म्हणून वापरले, परंतु त्याची चोच वाचली आणि ती स्टेनस्ट्रुप यांच्या हाती आली. माकुळाच्या तोंडात पोपटाच्या चोचीच्या घडणीचे दोन कठीण जबडे असतात. कीटकांच्या कवचात आढळणाऱ्या कायटिन या पदार्थाचे ते बनलेले असल्याने बाकीचे शरीर सडून गेले तरी ते टिकतात. एवढ्या पुराव्यावर स्टेनस्ट्रुप यांनी १८५७ साली नवी प्रजाती मांडली, आणि राक्षसकथेचे रूपांतर प्राणिशास्त्रातील एका नोंदीत झाले.

चार वर्षांनी, ३० नोव्हेंबर १८६१ रोजी, ‘अलेक्तों’ या फ्रेंच नौदलाच्या जहाजाला कॅनरी बेटांजवळ पृष्ठभागावर तरंगणारा असाच एक प्राणी आढळला. त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, भाले फेकले गेले आणि अखेर दोराचा फास टाकला गेला. पण तो फास शरीरावरून घसरत शेपटीकडच्या परांपाशी अडकला आणि शरीराचे वजन न पेलून मांस कापत गेला, त्यामुळे जहाजावर आला तो केवळ शेपटीचा तुकडा. ज्यूल व्हर्न यांच्या समुद्रतळाच्या सफरीवरील प्रसिद्ध कादंबरीला या घटनेने खाद्य पुरवले. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र अधिक मोलाची सामग्री मिळाली ती न्यूफाउंडलंड बेटावर, १८७०च्या दशकात, जेव्हा तेथील किनाऱ्यांवर हे प्राणी वारंवार येऊन पडू लागले.

सेंट जॉन्स शहरातील धर्मोपदेशक मोझेस हार्वी यांना निसर्गाभ्यासाची आवड होती. १८७३च्या शरद ऋतूत त्यांच्याकडे प्रथम एक तुटलेला लांब अवयव आला, जो छोट्या होडीतील मच्छीमारांनी आपल्यावर चालून आलेल्या प्राण्याचा कुऱ्हाडीने तोडला होता. आणि काही आठवड्यांतच लोजी बे येथे हेरिंग माशांच्या जाळ्यात सापडलेला एक जवळजवळ संपूर्ण माकूळ त्यांनी दहा डॉलर देऊन विकत घेतला. घरी आणलेला तो प्राणी मांडायचा कुठे, हा प्रश्न त्यांनी न्हाणीघरातील पडद्याचा दांडा वापरून सोडवला: डोके त्या दांड्यावर टेकवून आठ बाहू आणि दोन लांब शुंडा खाली लोंबत्या सोडल्या आणि त्याचे छायाचित्र काढवून घेतले. महाकाय माकुळाचे बव्हंशी संपूर्ण रूप दाखवणारे हे पहिले छायाचित्र होय. शास्त्रीय वर्णनाला उपयोगी पडणारे बरेच तपशील त्यात दिसत होते. येल विद्यापीठातील ॲडिसन व्हेरिल यांनी हार्वी यांच्या आणि न्यूफाउंडलंडच्या इतर नमुन्यांवर सविस्तर लेखन केले आणि त्यानंतर या प्राण्याच्या अस्तित्वाविषयी कुणी शंका घेतली नाही.

शंका उरली ती आकाराविषयी, आणि ती आजही लोकप्रिय लेखनातून पुरती हटलेली नाही. १८७८ साली न्यूफाउंडलंडच्याच किनाऱ्यावर सापडलेल्या एका नमुन्याची लांबी ५५ फूट, म्हणजे जवळपास १७ मीटर, नोंदवली गेली, आणि तेव्हापासून असेच वा याहून मोठे आकडे पुस्तकांतून फिरत राहिले. या प्राण्याच्या दोन शुंडा कमालीच्या लवचिक असतात. मृत प्राण्याच्या शुंडा ओढून मोजल्या तर त्या मूळच्यापेक्षा कितीतरी लांब भरतात. म्हणूनच माकुळाच्या मोजमापात अभ्यासक प्रावाराच्या लांबीवर भर देतात. प्रावार म्हणजे आतील इंद्रिये झाकणारे नळीसारखे स्नायुमय धड, ज्यावर ताणण्याचा परिणाम फारसा होत नाही. शंभराहून अधिक नमुने तपासल्यावर असे दिसून आले की प्रावाराची लांबी सव्वादोन मीटरच्या पुढे जात नाही आणि शुंडांसह एकूण लांबी मादीच्या बाबतीत सुमारे १३, तर नराच्या बाबतीत सुमारे १० मीटरपर्यंत पोहोचते. अपृष्ठवंशीय प्राण्यासाठी हे आकडे स्वतःच इतके विलक्षण आहेत की त्यांना फुगवण्याची मुळीच गरज नव्हती. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात जतन केलेला, २००४ साली फॉकलंड बेटांजवळ मिळालेला नमुना ८.६२ मीटर लांबीचा आहे आणि तो चांगल्या मोठ्या नमुन्यांत गणला जातो.

शरीररचनेचा मूळ आराखडा कोकणातील स्वयंपाकघरात माकूळ साफ करणाऱ्याला परका नाही. नळीसारखे धड, त्याच्या आतून ओढून काढावी लागणारी पारदर्शक पात, शाईची पिशवी, धडाला जोडलेले डोके आणि डोक्यालाच फुटलेले बाहू ही सारी मांडणी महाकाय माकुळातही तशीच असते. पाणी प्रावारात घेऊन ते नरसाळ्यासारख्या नळीतून जोराने बाहेर फेकत हा प्राणी पुढे सरकतो. आठ बाहूंखेरीज असलेल्या दोन शुंडांच्या टोकांना रुंद पेरे असते, त्यावर चूषकांची दाटी असते आणि प्रत्येक चूषकाच्या कडेला कायटिनचे दंतुर कडे बसवलेले असते. भक्ष्य शुंडांनी दुरून पकडायचे, बाहूंमध्ये ओढायचे, चोचीने तोडायचे आणि रेत्रिका या दातेरी जिभेने बारीक करायचे, असा क्रम चालतो. बारीक करणे येथे अनिवार्य ठरते, कारण अन्ननलिका मेंदूच्या मधोमध असलेल्या पोकळीतून जाते आणि मोठा घास मेंदूलाच इजा करू शकतो. हृदये तीन असतात, त्यांपैकी दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात. आणि ऑक्सिजन वाहून नेण्यासाठी लोहाऐवजी तांबेयुक्त द्रव्य असल्याने रक्ताचा रंग निळसर दिसतो.

घरगुती माकुळाहून मोठा फरक पडतो तो स्नायूंच्या आत. महाकाय माकुळाच्या स्नायूंमधील असंख्य सूक्ष्म पोकळ्यांत अमोनियम क्लोराइडचे द्रावण भरलेले असते. समुद्राच्या पाण्यातील सोडियम क्षारांपेक्षा हे द्रावण हलके असल्याने प्राण्याचे एकूण वजन भोवतालच्या पाण्याशी जुळते आणि सतत पोहत न राहता त्याला हव्या त्या खोलीवर स्थिर राहता येते. बहुतेक माशांकडे या कामासाठी वायूची पिशवी असते. तिच्यातील वायू दाबाबरोबर आकुंचन पावतो, द्रावण मात्र जवळजवळ तसेच राहते, त्यामुळे शेकडो मीटर खाली ही व्यवस्था अधिक भरवशाची ठरते. या प्राण्याचे मांस माणसाला खाता येण्याजोगे नसते आणि त्याचा मृतदेह बुडण्याऐवजी तरंगत किनाऱ्याला लागतो, ही दोन्ही याच रसायनाची फळे होत. पण याच रसायनाने अभ्यासकांची दिशाभूलही केली. किनाऱ्यावर मिळालेली शिथिल, लिबलिबीत शरीरे पाहून कित्येकांनी असा निष्कर्ष काढला की हा प्राणी आळशी असावा, बाहू पसरून अंधारात लोंबकळत राहणारा आणि चुकून जवळ आलेले भक्ष्य टिपणारा. मृतदेहावरून जीवनशैली ठरवण्याचा हा धोका पुढे जिवंत निरीक्षणांनीच दाखवून दिला.

पुराव्याचे दुसरे मोठे भांडार होते स्पर्म व्हेल या दंतधारी देवमाशाचे पोट. हजारो फूट खोल बुडी मारून माकुळांवर गुजराण करणाऱ्या या व्हेलच्या जठरात माकुळांच्या चोची साठत जातात, कारण त्या पचत नाहीत. व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या अंबर या पदार्थातही त्या रुतलेल्या सापडतात. महाराष्ट्राच्या किनारी जिल्ह्यांतून ‘व्हेलची उलटी’ जप्त केल्याच्या बातम्या येतात ती उलटी म्हणजे हाच अंबर. व्यापारी शिकारीच्या काळात जठरांतील चोचींचा पद्धतशीर अभ्यास झाला, तेव्हा त्यांतील बहुसंख्य चोची कितीतरी लहान प्रजातींच्या निघाल्या आणि महाकाय माकुळाचा वाटा संख्येने थोडा ठरला. व्हेल आणि माकूळ यांच्यातील तुल्यबळ झुंजीची चित्रे शेकडोंनी काढली गेली आहेत. वास्तवात चाळीस टनांच्या आसपास वजनाच्या नर व्हेलपुढे तीनशे किलोंहूनही कमी वजनाचा माकूळ हा भक्ष्यच असतो. व्हेलच्या त्वचेवर उमटलेले चूषकांचे गोल व्रण झटापट होते एवढेच सांगतात. व्रण तरुणपणी झाला असेल तर त्वचेबरोबर तोही वाढतो, म्हणून मोठ्या व्रणावरून अतिविशाल माकुळाचे अनुमान काढणे चुकीचे होय.

माकुळाच्या बाजूने पाहिले तर हे नाते त्याच्या डोळ्यावर कोरलेले आहे. १९८१ साली हवाईमध्ये धक्क्यावर आणलेल्या एका ताज्या नमुन्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात डोळ्याजवळ दिसणाऱ्या इंधनाच्या नळीच्या रुंदीशी तुलना करून डोळ्याचा व्यास किमान २७ सेंटीमीटर आणि बाहुलीचा ९ सेंटीमीटर असल्याचे काढले गेले. म्हणजे डोळा जेवणाच्या ताटाएवढा, तर सर्वांत मोठ्या माशांपैकी एक असलेल्या स्वोर्डफिशचा डोळा मात्र सुमारे ९ सेंटीमीटरचाच. इतका मोठा डोळा घडवणे आणि जोपासणे शरीराला महाग पडते, आणि शिकार शोधण्यासाठी त्याचा खास उपयोगही नाही. गणित असे सांगते की खोल पाण्यात लहान प्रकाशबिंदू दिसण्यासाठी डोळा काही सेंटीमीटरच्या पुढे वाढवून पदरात फारसे काही पडत नाही. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे डॅन-एरिक निल्सन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली याचे जे स्पष्टीकरण मांडले ते जीवदीप्तीवर, म्हणजे सजीवांनी स्वतः निर्माण केलेल्या प्रकाशावर, आधारलेले आहे. सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या थरांत असंख्य सूक्ष्म जीव आणि जेलीफिश स्पर्श होताच निळसर चमकतात. व्हेलसारखे धूड त्या पाण्यातून जाऊ लागले की त्याच्या भोवतीचे जीव चमकून उठतात आणि त्याची विस्तीर्ण, अत्यंत मंद आकृती अंधारात उमटते. अशी मोठी पण मंद आकृती ओळखण्यातच विशाल बाहुलीचा खरा लाभ मिळतो. संशोधकांच्या गणनेनुसार माकुळाला चालून येणारा व्हेल १२० मीटरहून अधिक अंतरावरून दिसू शकतो. व्हेल ध्वनीच्या प्रतिध्वनीने शिकार शोधतो आणि त्याचा पल्ला याहून मोठा असतो, पण तो जवळ पोहोचेपर्यंत माकुळाला पळण्याची तयारी करायला अवधी मिळतो. पुढच्याच वर्षी काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला की इतर माकुळांच्या शरीर आणि डोळ्यांच्या प्रमाणात पाहता हा डोळा अपवादात्मक नाही. तो आक्षेप दखलपात्र आहे; तरीही डोळा प्रत्यक्षात काय पाहू शकतो, या गणिताला त्याने धक्का लागत नाही.

हा डोळाच माणसाच्या शोधमोहिमांना चकवत आला होता. अनेक दशके पाणबुड्या आणि दूरनियंत्रित यंत्रे प्रखर पांढरे दिवे लावून आणि यंत्रांचा आवाज करत खाली जात होती, आणि इतक्या संवेदनशील दृष्टीच्या प्राण्याने त्यांच्यापासून दूर राहावे यात नवल नव्हते. जपानमधील राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयाचे त्सुनेमी कुबोदेरा आणि व्हेल-निरीक्षणाचे जाणकार क्योइची मोरी यांनी प्रथम शांततेचा मार्ग अवलंबला. ओगासावारा बेटांजवळ स्पर्म व्हेल जेथे बुड्या मारतात तेथे त्यांनी आमिष आणि ठरावीक अंतराने छायाचित्र घेणारा कॅमेरा दोरीला बांधून खाली सोडला. ३० सप्टेंबर २००४ रोजी सुमारे ९०० मीटर खोलीवर एका माकुळाने त्या आमिषावर झडप घातली आणि त्याची शुंडा गळात अडकली. चार तासांहून अधिक काळ तो सुटण्याची धडपड करत राहिला, कॅमेऱ्याने ५५० हून अधिक छायाचित्रे टिपली आणि शेवटी शुंडा तुटून प्राणी निसटला. वर ओढून घेतलेल्या साडेपाच मीटर लांबीच्या त्या तुटक्या शुंडेचे चूषक तेव्हाही स्पर्श होणाऱ्या वस्तूला घट्ट धरत होते. शिथिलपणे लोंबणाऱ्या आळशी प्राण्याची कल्पना त्या दिवशी मागे पडली; छायाचित्रांत दिसत होता तो समोरून थेट हल्ला करणारा शिकारी.

अमेरिकी सागरशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी माकुळाच्या दृष्टीचा विचार आणखी एक पाऊल पुढे नेला. खोल समुद्रातील बहुतेक प्राण्यांचे डोळे निळ्या प्रकाशाला जुळवलेले असल्याने त्यांना गडद लाल प्रकाश दिसत नाही. म्हणून विडर यांनी ‘मेड्युसा’ नावाच्या, विजेरीवर चालणाऱ्या, पंखे नसलेल्या आणि त्यामुळे निःशब्द असलेल्या कॅमेऱ्याला लाल दिवा बसवला. आमिष म्हणून त्यांनी मांस न लावता प्रकाश लावला. ॲटोला ही जेलीफिश कुणाच्या तावडीत सापडली की तिच्या घेराभोवती निळ्या प्रकाशाचे चक्र फिरू लागते, ज्यामुळे हल्लेखोराहून मोठा शिकारी तेथे ओढला जाऊन हल्लेखोरावरच तुटून पडावा, असे मानले जाते. विडर यांनी निळ्या दिव्यांच्या वर्तुळाने नेमकी हीच हाक नकलून दाखवली. जपानी आणि अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिन्यांनी पाठबळ दिलेल्या २०१२च्या ओगासावारा मोहिमेत महाकाय माकूळ या बनावट जेलीफिशपाशी आला आणि त्याच्या नैसर्गिक अधिवासातील पहिले चलचित्र मिळाले. माकुळाने जेलीफिशवर झडप न घालता तिच्या शेजारी लटकवलेल्या कॅमेऱ्याच्या बाजूने हल्ला केला, जणू तो जेलीफिशच्या कल्पित हल्लेखोरालाच शोधत होता. त्याच मोहिमेत कुबोदेरा यांनी पाणबुडीत बसून, आमिषाला लावलेला दुसरा माकूळ खाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला महाकाय माकूळ रुपेरी-सोनेरी झाकेचा होता. संग्रहालयांतील फिकट, त्वचा गळून गेलेले नमुने पाहणाऱ्या कुणालाही हा रंग सुचला नव्हता. २०१९ साली विडर आणि नेथन रॉबिन्सन यांना मेक्सिकोच्या आखातात ७५९ मीटर खोलीवर आणखी एक चलचित्र मिळाले, ज्यात तीन मीटरहून अधिक लांबीचा तरुण माकूळ बनावट जेलीफिशवर झेपावण्याआधी काही मिनिटे तिचा माग काढताना दिसतो. डोळ्यांवर विसंबून, बेत करून शिकार करणारा प्राणी, हे चित्र त्यामुळे पक्के झाले.

जीवनक्रमाविषयीची माहिती अजूनही मुख्यतः मृत शरीरांवरूनच येते. मादी मिलीमीटरभर लांबीची अगणित अंडी तयार करते, तर नर शुक्राणूंनी भरलेल्या नळ्या मादीच्या बाहूंच्या त्वचेत थेट रोवतो. काही नरांच्या स्वतःच्या शरीरातही अशा नळ्या रुतलेल्या आढळल्या आहेत. २०१३ साली जगभरच्या ४३ नमुन्यांच्या तंतुकणिकांतील डीएनए तपासण्यात आला, तेव्हा जपान, न्यूझीलंड, स्पेन, फ्लोरिडा असे कुठलेही नमुने घेतले तरी त्यांतील फरक नगण्य निघाला. म्हणजे एकेकाळी वर्णन केलेल्या अनेक प्रजातींच्या जागी साऱ्या महासागरांत पसरलेली एकच प्रजाती उरते, आणि सागरप्रवाहांबरोबर दूरवर वाहत जाणारी पिल्ले हे या एकजिनसीपणाचे संभाव्य कारण मानले जाते.

माणसाशी या प्राण्याचा संबंध केवळ पाहण्यापुरता उरलेला नाही, हे स्पेनच्या आस्तुरियास किनाऱ्यावर उघड झाले. २००१ आणि २००३ साली तेथे महाकाय माकुळांचे अनेक मृतदेह थोड्या काळात किनाऱ्याला लागले, आणि दोन्ही वेळा जवळच्या समुद्रात हवेच्या तोफांनी मोठे आवाज करून तळाखालील खडकांची पाहणी चालू होती. शवविच्छेदनात काहींच्या प्रावाराचे स्नायू आणि आतील इंद्रिये फाटलेली आढळली, तर काहींच्या संतुलनपुटींना, म्हणजे तोल आणि कंपने जाणणाऱ्या डोक्यातील द्रवभरल्या पिशव्यांना, इजा झालेली होती. २०११ साली बार्सिलोना येथील संशोधकांनी माकूळ, कटलफिश आणि ऑक्टोपस यांना प्रयोगशाळेत कमी वारंवारतेचा ध्वनी ऐकवला, तेव्हा त्यांच्या संतुलनपुटींतील रोमयुक्त पेशी तशाच प्रकारे उद्ध्वस्त झाल्या. माकुळांना व्हेलचे उच्च वारंवारतेचे टकटक आवाज ऐकू येत नाहीत, म्हणूनच शत्रूची चाहूल घेण्याचा सारा भार डोळ्यांवर पडतो. हवेच्या तोफांचा दणका मात्र नेमका त्यांच्या संतुलनपुटींना जाणवणाऱ्या कमी वारंवारतेतला असतो, आणि पाण्यात तो अनेक किलोमीटर दूरवर पोहोचतो.